फिल्टर पुढे, बॅटरी मागे!

तुमच्या ग्रुपमध्येही असा एक जण असणारच. पिक्चर सुरू व्हायला दहा मिनिटं उरलेली असतात, सगळे पार्किंगमधून लिफ्टकडे पळत असतात आणि हा पठ्ठ्या बॉनेट वर करून म्हणत असतो, "दोनच मिनिटं थांबा रे, आवाज ऐका फक्त!" आमच्या घरात हा मान माझ्या आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे आहे. वय चोवीस, चाकणला नोकरी, स्वतःच्या पगारातून घेतलेली १.२ लिटरची सेकंड हँड पेट्रोल हॅचबॅक. गाडीवर जीव इतका, की पावसात स्वतः भिजेल पण गाडीवर कव्हर घालेल.

माझं म्हणाल तर मी मास कम्युनिकेशनवाली. बॉनेट उघडायची कडी स्टेअरिंगखाली असते, हे मला या वर्षी कळलं. पण सातारा रस्त्यावर एका दुपारी आमच्या आजीच्या पायाखालून धूर आला आणि त्यानंतरचे तीन शनिवार मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात स्टुलावर बसून काढले. तिथे जे समजलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण दादाने केलं तेच करायचं तुमच्यापैकी कुणाच्या तरी डोक्यात आत्ता घोळत असणार.

गाडी श्वास घेते म्हणजे काय?

इंजिनला पेट्रोलपेक्षा हवा कितीतरी जास्त लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा हवी. म्हणजे तुम्ही पंपावर एक लिटर पेट्रोल भरता, तेव्हा ते जाळायला गाडी वाटेत जवळपास नऊ हजार लिटर हवा ओढून घेणार असते. ही हवा ज्या वाटेने आत जाते ती वाट म्हणजे इनटेक. समोरच्या जाळीजवळ एक तोंड, तिथून काळ्या प्लास्टिकच्या पेटीत, पेटीतल्या कागदी फिल्टरमधून पुढे पाइपात आणि मग इंजिनात.

मॉडिफिकेशनवाल्यांचं म्हणणं असं, की ही पेटी आणि कागदी फिल्टर इंजिनाचं नाक दाबून धरतात. पेटी काढा, गुळगुळीत पाइप लावा, टोकाला उघडा कोन फिल्टर बसवा, गाडी मोकळा श्वास घेईल. ऐकायला पटतं. दादालाही पटलं आणि त्याने नऊ हजार रुपयांचं किट आणलं.

आवाज तर मस्त आला. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून 'हूऽऽऽ' करून घोंघावणारा. सोसायटीतली पोरं खूश. आजी मात्र गाडीत बसल्यावर म्हणाली, "काय रे, हिला दम लागलाय का?"

आजीचं निदान बरोबर होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आवाज वाढला, पण गाडी पळाली का?

त्या काळ्या पेटीला बरीच कामं असतात. एक म्हणजे आवाज खाणं. हवा आत ओढताना इंजिन गुरगुरतंच, पेटी आणि तिला जोडलेले पोकळ कप्पे ते गुरगुरणं दाबून टाकतात. ते काढले की तोच आवाज कानावर येतो आणि मेंदू म्हणतो, वा, पिकअप वाढला! गाडी होती तिथेच असते.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. पेटीचं तोंड पुढच्या जाळीकडे असतं, म्हणजे ती बाहेरची थंड हवा घेते. थंड हवा दाट असते, तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन मावतो. उघडा कोन फिल्टर मात्र बॉनेटच्या आतली, इंजिन आणि रेडिएटरने तापवलेली हवा ओढतो. आम्ही मोबाइलला जोडायचं छोटं ओबीडी यंत्र लावून बघितलं. सिग्नलला उभे असताना बाहेर ३२ अंश आणि इनटेकमधली हवा ५८ अंश! बारावीचं फिजिक्स आठवा. तापमान केल्विनमध्ये घ्या, ३०५ भागिले ३३१. म्हणजे हवेची घनता सुमारे आठ टक्क्यांनी घसरली. मोकळा श्वास घ्यायला निघालेली गाडी भट्टीतली हवा हुंगत होती. गाडी वेगात असताना हा फरक कमी होतो हे खरं. पण आपण हिंजवडीच्या आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये वेगात असतो कधी?

यावर उपाय म्हणून काही जण पाइप लांबवून फिल्टर खाली बंपरच्या कोपऱ्यात नेतात. तिथे हवा थंड मिळते, आणि पावसाळ्यात पाणीही मिळतं. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं तर खेळ खल्लास. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. पण इंजिनात पाणी जायला तेवढा पाऊस लागत नाही, एखादा तुंबलेला सबवेही पुरतो. असं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

मग रेसिंगवाले काय वेडे आहेत का? नाहीत. त्यांच्या इंजिनाचा कॅम, एक्झॉस्ट, ट्यूनिंग सगळं बदललेलं असतं, त्या इंजिनाला खरोखर जास्त हवा लागते. शिवाय ते डायनोवर मोजून बघतात. आपण कानाने मोजतो.

बॅटरीची बदली

आता मुख्य भानगड. दादाच्या गाडीत फिल्टरच्या पेटीला चिकटूनच बॅटरी होती. नवा पाइप आणि कोन फिल्टर बसेना. किट बसवणारा म्हणाला, "बॅटरी डिकीत टाकू. रेसिंग गाड्यांत तशीच असते. वजनाचा बॅलन्सही सुधारतो." दादाच्या डोळ्यांत चमक आली. एका दगडात दोन पक्षी!

यातलं अर्धं खरं आहे. बॅटरी मागे असणं ही काही नवी कल्पना नाही. १९५९ ची पहिली मिनी आठवते का, ब्रिटिश, चिमुकली? तिचं इंजिन आडवं बसवलं होतं, पुढे जागाच नव्हती, म्हणून बॅटरी डिकीत होती. बीएमडब्ल्यूच्या कितीतरी गाड्यांत ती मागेच असते, पुढच्या-मागच्या चाकांवर वजन समसमान पडावं म्हणून. पण त्या गाड्या कागदावर असतानाच हे ठरलेलं असतं. मागून पुढे येणाऱ्या केबलची वाट आखलेली असते, बॅटरीतला वायू बाहेर सोडायला नळी असते. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेल्समध्ये तर जोराचा अपघात झाला की बॅटरीच्या टर्मिनलवर एक छोटा बार उडतो आणि मुख्य केबल तिथल्या तिथे सुटते. का, ते पुढे येईलच.

आणि बॅलन्सचं गणित? आपल्या छोट्या हॅचबॅकची बॅटरी दहा-बारा किलोची. गाडी नऊशे किलोची धरा. म्हणजे आपण साधारण सव्वा टक्का वजन पुढून मागे नेलं. त्यासाठी लागणारी जाड केबल आणि बॅटरीची पेटी मिळून तीन-चार किलो वजन उलट वाढवलं. शिवाय या गाड्यांत ओढणारी चाकं पुढची, म्हणजे पुढचं वजन कमी झालं की पकडही जराशी कमीच. ट्रॅकवर सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी भांडणाऱ्याला या बारा किलोंचं मोल असेल. आमच्या गाडीत आजी मागे बसली, की त्याच्या चौपट वजन आपोआप मागे जातं.

शिरवळ सोडल्यावर

काम एका दिवसात झालं. दिसायला झकास. डिकीत चकचकीत पेटी, लाल केबल कार्पेटखालून गायब. सकाळी पहिल्या स्टार्टला स्टार्टर जरा कण्हायचा. दादा म्हणायचा, थंडी आहे. मे महिना होता.

तीन आठवड्यांनी आम्ही साताऱ्याला लग्नाला निघालो. दादा चालवत होता, मी पुढे, आत्या आणि आजी मागे. शिरवळ सोडलं, खंबाटकी घाट अजून यायचा होता. आजी म्हणाली, "काहीतरी जळतंय गं." आम्ही म्हटलं, बाहेर कुणी पाचट पेटवलं असेल. मग म्युझिक सिस्टीम बंद पडून पुन्हा सुरू झाली. मग आजी म्हणाली, "माझ्या पायाला चटका बसतोय."

दादाने गाडी बाजूला घेतली. मागचं दार उघडलं तर कार्पेटच्या कडेने करडा धूर. आत्या आणि मी आजीला अक्षरशः उचलून बाहेर काढलं. दादा डिकीकडे धावला. दहा नंबरचा पाना त्याच्या टूलकिटमध्ये होता, तेवढं आमचं नशीब. त्याने निगेटिव्ह टर्मिनल सैल करून उपटलं. धूर थांबायला मिनिटभर लागलं असेल. ते मिनिट फार मोठं होतं.

कार्पेट उचललं तेव्हा खालचं दिसलं. सीटच्या लोखंडी पट्टीखालून केबल नेली होती. आजी बसली की सीट दबायची, पट्टी केबलवर घासायची. तीन आठवड्यांत वरचं प्लास्टिक कापलं गेलं आणि आतलं तांबं गाडीच्या बॉडीला लागायला लागलं. केबलवर फ्यूज? एकही नव्हता. डिकीपासून बॉनेटपर्यंत, एकही.

आजीच्या तळव्याला रुपयाएवढा फोड आला होता. लग्नात सगळ्यांना ती सांगत होती, "काही नाही, चहा सांडला."

तीन शनिवार

ज्यांच्याकडे गाडी नेली ते काका पस्तीस वर्षं रिक्षापासून ट्रकपर्यंत सगळ्यांचं वायरिंग करतात. त्यांनी जळका तुकडा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "बाळा, याने नुसती तार ओढलीये. याला वायरिंग नाही म्हणत."

मी त्यांना विचारलं, बारा व्होल्टने एवढं कसं होतं? हात लावला तरी शॉक बसत नाही. काका म्हणाले, त्यामुळेच तर लोक निर्धास्त असतात. शॉक व्होल्टने बसतो, आग करंटने लागते. गाडीची बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर सोडते. पाचशे धरा. बारा गुणिले पाचशे, सहा हजार वॉट. आजीच्या पायाखाली सहा इस्त्र्या लावून ठेवल्यासारखं. आमच्या केबलचा स्पर्श धड पक्का झालाच नाही, हिसक्याला लागायचा आणि सुटायचा, म्हणून निभावलं.

बॅटरी कारखान्यातून जिथे बसवून येते तिथे तिची केबल हातभर असते आणि मोकळ्या जागेतून जाते. ती डिकीत नेली की पाच मीटरची जिवंत केबल माणसांच्या खालून, पत्र्याच्या धारांजवळून, सीटच्या पट्ट्यांजवळून जाते. मागून कुणी ठोकलं आणि पत्रा चेपला, तरी ती पत्र्याला लागू शकते. बीएमडब्ल्यूने तो बार कशासाठी लावला, हे मला तेव्हा कळलं. आणि काकांनी सांगितलेलं मी वहीत लिहून घेतलं, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. पुढे, इंजिनाजवळ लावलेला फ्यूज मधल्या पाच मीटरला वाचवत नाही, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे होतो.

सकाळचं कण्हणंही तिथेच सुटलं. लावलेली केबल बारीक होती, १६ चौरस मिलिमीटरची. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढतो असं धरलं, तर पाच मीटरमध्ये पाऊण व्होल्टहून जास्त केबलच खाते. ५० चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्ट. गाडी रोज सकाळी सांगत होती आणि आम्ही थंडीला दोष देत होतो.

अजून एक गोष्ट मला माहीत नव्हती. साधी लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. बॉनेटखाली तो वाऱ्यावर उडून जातो. हॅचबॅकची डिकी म्हणजे प्रवाशांच्याच खोलीचा कोपरा. तिथे बॅटरी ठेवायची तर ती सीलबंद एजीएम प्रकारची हवी, किंवा बंद पेटीत ठेवून वायूची नळी गाडीबाहेर काढलेली हवी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ पेटीतच बसणारा चांगला फिल्टर टाकलात, तर आरसीवरची एकही ओळ बदलत नाही. मोठा बदल करायचा असेल तर आधी आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या वायरिंगमुळे आग लागली तर क्लेम अडकू शकतो. वॉरंटीतल्या गाडीचं तर विचारूच नका.

मग हौस मारायची का?

अजिबात नाही! फक्त जागा योग्य निवडा. इंजिनीअरिंगला असाल तर कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट टीम शोधा. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत ही स्पर्धा होते, तिथे विद्यार्थी स्वतः बनवलेली गाडी घेऊन उतरतात. गंमत म्हणजे तिथे पेट्रोल इंजिनाची सगळी हवा फक्त २० मिलिमीटरच्या भोकातून आत गेली पाहिजे, असा नियम आहे. साधारण रुपयाच्या नाण्याएवढं भोक! नाक खरोखर दाबलेलं असताना इंजिनातून ताकद कशी काढायची, याचं डोकं तिथे लागतं. आणि वायरिंग, मेन स्विच तपासणीत पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर उतरत नाही.

रस्त्यावरच्या गाडीत काही करणारच असाल, तर निदान एवढं:

• आधी मूळ फिल्टर बदलून बघा. अर्ध्या वेळा 'पिकअप गेलाय' म्हणजे फिल्टर धुळीने भरलाय.
• बदलाआधी आणि नंतर मोजा. इनटेकचं तापमान, मायलेज. कानावर विश्वास ठेवू नका.
• तेल लावलेला कापडी फिल्टर असेल तर तेल बेतानेच लावा. जास्तीचं तेल एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं.
• बॅटरी हलवायचीच असेल तर फ्यूज बॅटरीच्या वीतभर अंतरात, केबलच्या क्षमतेपेक्षा कमी रेटिंगचा.
• केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, बाकी अंगभर स्लीव्ह, आणि सीटच्या हलणाऱ्या भागांपासून दूर.
• अर्थिंग रंग खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यावर, बोल्टने घट्ट.
• बॅटरी पट्टीने आवळलेली हवी. अपघातात दहा किलोचा ठोकळा डिकीतून पुढे येतो.
• काम करताना निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. आणि दहा नंबरचा पाना गाडीत ठेवाच.
• काम झाल्यावर कार्पेट उचलून केबलची वाट स्वतः बघा. कारागिराला राग आला तर येऊ दे.

दादाने काकांकडे हे सगळं समजून घेतलं आणि मग जे केलं त्याचं मला आश्चर्य वाटलं. त्याने काळी पेटी परत बसवली. पेटी परत आली म्हटल्यावर बॅटरी मागे ठेवायला कारणच उरलं नाही, तीही आपल्या जागी गेली. कोन फिल्टर कपाटावर पडलाय. केबलचा जळका तुकडा त्याने टाकला नाही, टेबलाच्या खणात ठेवलाय.

परवा आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. गाडी गुपचूप चालली होती, पूर्वीसारखी. आजी मागच्या सीटवर पाय वर घेऊन मांडी घालून बसली होती. अलीकडे ती तशीच बसते. विचारलं तर म्हणते, "गुडघे दुखतात रे, खाली सोडवत नाहीत."

दादा आरशातून बघतो आणि गप्प गाडी चालवतो.